नक्कल यंत्र करील, रुजवात कोण घेणार?

खानापूर तालुक्यातल्या एका पदवीधर मुलीने गेल्या महिन्यात मला विचारले, "काका, कोर्टातल्या टायपिस्टच्या जागेसाठी कन्नड सीनियर टायपिंगची परीक्षा देऊ का? का आता मशीनच सगळं लिहिणार?" हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. बेळगावात कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सच्या दुकानांसमोर, चहाच्या गाड्यांवर आणि पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या हाच वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, कारकुनाचे दिवस भरले. ऐकून लिहिणारी, लिहिलेल्याचे भाषांतर करणारी यंत्रे आली, आता या वाटेला जाऊ नका. दुसरी बाजू म्हणते, संगणक आला तेव्हाही असेच बोलत होते, कोणाची नोकरी गेली? सरकारी खुर्चीला कोणी हात लावत नाही. मी कोर्टाच्या कारकुनीत एकतीस वर्षे काढली, टायपिस्ट म्हणून लागलो आणि शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाच्या कचेरीचा प्रमुख, म्हणून निवृत्त झालो. मला वाटते, दोन्ही बाजू भलत्याच गोष्टीवर भांडताहेत. दोघेही फक्त जागा मोजताहेत. कोर्टातला कारकून नेमके काय करतो, हे विचारायला कोणी तयार नाही.

कोर्टातून मिळणाऱ्या जुन्या नकलांच्या शेवटच्या पानावर तळाशी दोन सह्या असत. एक नक्कल करणाराची, दुसरी रुजवात घेणाराची. पहिल्याने कागद उतरवायचा. दुसऱ्याने मूळ कागद पुढ्यात घेऊन तो अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा आणि 'बरोबर आहे' असे आपल्या नावाने सांगायचे. माझे म्हणणे या दोन सह्यांत आले. कारकुनी म्हणजे ही दोन कामे. नक्कल यंत्राकडे जाणार, आणि ती जावी. रुजवात जाता कामा नये. कायदाच ती माणसाकडून मागतो. आपल्या सीमाभागात तर साक्षीदार एका भाषेत बोलतो, नोंद दुसऱ्या भाषेत होते आणि अपील धारवाडला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे गेले की कामकाज तिसऱ्याच भाषेत, इंग्रजीत, चालते. इथे रुजवात हेच खरे काम आहे. आपण टंकलेखन वाचवायला निघालो तर ते तर वाचणार नाहीच, रुजवातही हातची जाईल.

आधी विरुद्ध बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू. कारकुनीच्या जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्यासारखे फार काही नव्हते. मी लागलो तेव्हा टायपरायटरवर चार कार्बन घालून पाच प्रती काढायचो. पाचवी प्रत वाचायला मिळणाऱ्या पक्षकाराचे नशीबच खोटे. नकलेचा अर्ज दिल्यावर नक्कल हाती पडेपर्यंत माणसाला तीन-तीन खेपा पडत. ऊस तोडून, एसटी धरून आलेला माणूस, त्याचा दिवस बुडायचा. पुढची तारीख काय लागली एवढे कळण्यासाठीही कोणाच्या तरी टेबलाशी उभे राहावे लागे, आणि त्या उभे राहण्याची काही ठिकाणी किंमत मोजावी लागे. हे मी ऐकीव सांगत नाही, शेजारच्या टेबलावर पाहिले आहे आणि तेव्हा गप्पही बसलो आहे. आज सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक, मोबाईलमध्ये घातला की तारीख दिसते, आदेश दिसतो. समन्स घेऊन जाणाऱ्या बेलिफाच्या हातात फोन आला, तो कुठे गेला होता याची खूण राहते. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत देशभर चार कोटींहून अधिक खटले तुंबलेले असताना कोणी 'हाताने लिहा' म्हणत असेल, तर त्याने त्या एसटीतल्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून तसे सांगावे. ई-कोर्टच्या, म्हणजे न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या प्रकल्पाच्या, तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यातले दोन हजार कोटींहून अधिक नुसत्या जुन्या-नव्या कागदांच्या स्कॅनिंगसाठी आहेत. हे पाऊल मागे जाणार नाही आणि जाऊही नये.

पण यंत्र आले म्हणजे माणूस सुटला, असे खरेच होते का? आपल्या डोळ्यांदेखत घडलेला एक दाखला घ्या. कर्नाटकाने २००० सालाच्या आसपास 'भूमी' योजना आणली. जमिनीचे सुमारे दोन कोटी उतारे संगणकात गेले, हाताने लिहिलेला उतारा बाद झाला आणि ठरावीक पैसे भरले की छापील उतारा हातात पडू लागला. तलाठ्याच्या दप्तरातली मक्तेदारी मोडली. ही मोठी गोष्ट होती, मी तिला नावे ठेवणार नाही. मात्र ज्यांनी ते दोन कोटी उतारे भरले त्यांच्यासाठी आपली नावे ही नुसती अक्षरे होती. 'परशराम'चा परशुराम झाला, 'गणू'चा गणपती झाला, कुठे बापाचे नाव आडनावाच्या जागी गेले. हाताने लिहिलेल्या काळात अशी चूक गावातल्या गावात कळायची, कारण लिहिणारा गणूला ओळखत होता. संगणकातला गणपती हा मात्र कायद्याने वेगळाच माणूस. मग प्रतिज्ञापत्र करा, तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज द्या, बँकेने कर्ज अडवले म्हणून वकील गाठा. कोर्टात अशी प्रकरणे हाताळताना मला सारखे वाटे की नक्कल दोन कोटींची झाली, पण रुजवातीला माणूसच नेमला नव्हता. तेच आता साक्षीच्या बाबतीत व्हायचे आहे.

साक्षीचे काय होते ते एका प्रसंगावरून सांगतो. मला नोकरीला लागून सहा-सात वर्षे झाली होती. वाटणीचा दावा होता, घाटाकडच्या एका गावातला. एक म्हातारी साक्षीला उभी होती. भावांनी आपापसात जमीन वाटून घेतली आणि तिला हिस्सा दिला नाही, असे तिचे म्हणणे. समोरच्या वकिलांनी विचारले, वाटणी झाली तेव्हा तुम्ही तक्रार केली होती का? ती म्हणाली, "न्हाई बा, मी काय तक्रार केली न्हाई. भावांची तक्रार कुणाकडं करू?" न्यायाधीश साहेब म्हैसूरकडचे होते, त्यांना मराठी येत नसे. वकिलांनी कन्नडमध्ये सांगितले, साहेबांनी मजकूर सांगितला आणि मी तो टाइप केला: वाटणीला माझी 'तकरारू' नव्हती. मी मराठी माणूस, माझ्या कानांनी तिचे वाक्य ऐकलेले, तरी बोटे थांबली नाहीत. शब्द तोच तर होता! पण मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे आणि कन्नडमध्ये तकरारू म्हणजे हरकत. म्हातारी म्हणत होती, मी भावांविरुद्ध कुठे दाद मागायला गेले नाही. कागद म्हणत होता, वाटणी मला मान्य होती. त्या एका ओळीवर तिचा हिस्सा गेला असता.

गेला नाही, तो आमच्या बेंच क्लार्कमुळे, म्हणजे न्यायाधीशांसमोर बसून प्रकरणांचे कागद सांभाळणाऱ्या कारकुनामुळे. ते गोकाककडचे, घरची भाषा कानडी, पण निपाणीत नोकरी केल्यामुळे मराठी चांगली समजायची. साक्ष संपल्यावर ते कागद घेऊन तिच्याजवळ गेले आणि मराठीत एकेक ओळ सांगू लागले. त्या ओळीशी आल्यावर थांबले. "आक्का, भावांनी वाटून घेतलं ते तुम्हाला चाललं होतं काय?" म्हातारी चमकली. "चालतंय कसं? तोंड उघडलं न्हाई एवढंच." ते उठून साहेबांकडे गेले, हळू आवाजात शब्दातला फरक सांगितला. साहेबांनी दोन्ही वकिलांना विचारून तिथेच दुरुस्ती केली आणि आपली आद्याक्षरे टाकली. सगळे मिळून पाच मिनिटे. माझे कान तापले होते. त्या दिवसापासून मी एक वही ठेवली, दोन्ही भाषांत सारखे दिसणारे आणि वेगळे बोलणारे शब्द लिहायला. अनुमान: मराठीत तर्क, कन्नडमध्ये संशय. वहिवाट: आपल्याकडे जमिनीचा चालू कब्जा किंवा वापर, कन्नडच्या रोजच्या बोलण्यात वहिवाटू म्हणजे देवघेवीचा व्यवहार. अवसर: इकडे संधी, तिकडे घाई. निवृत्त झालो तेव्हा वहीची ऐंशी पाने भरली होती.

त्या बेंच क्लार्कनी उपकार केले नव्हते. त्यांनी कायद्याने सांगितलेले काम केले होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम ६ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की साक्ष ज्या भाषेत दिली तिच्याहून वेगळ्या भाषेत उतरवली आणि ती भाषा साक्षीदाराला समजत नसेल, तर उतरवलेला मजकूर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचा. फौजदारी प्रकरणांसाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१२ आणि ३१३ मध्ये तीच तरतूद आहे. जुन्या संहितेतून ती जशीच्या तशी पुढे आली. म्हणजे वाचून दाखवणे हा हक्क आहे. तो किती कोर्टांत, किती साक्षीदारांच्या वाट्याला येतो? गर्दीच्या दिवशी बोर्डावर ऐंशी-नव्वद प्रकरणे असताना 'सही कर, अंगठा दे' यापलीकडे फारसे काही होत नाही. हे आजचे, माणसांनी चालवलेल्या कोर्टाचे सत्य आहे. यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत मजबूत मुद्दा मला हाच वाटतो. ते म्हणतील, तुमचा तो एक बेंच क्लार्क भला होता, बाकीचे कुठे वाचून दाखवत होते? यंत्र निदान म्हातारीचा मूळ आवाज तरी जपून ठेवील.

हा मुद्दा मी पूर्णपणे मानतो. मूळ आवाज जपला गेला असता तर माझी चूक वीस वर्षांनीही सापडली असती. केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्या राज्यातल्या खालच्या न्यायालयांत साक्षी उतरवण्यासाठी बोललेले लिहून देणारी प्रणाली सक्तीची केली, त्यामागे हा विचार नक्कीच असेल. सर्वोच्च न्यायालयाने निवाड्यांच्या भाषांतरासाठी 'सुवास' हे सॉफ्टवेअर २०१९ मध्येच आणले. यंत्रे आज सीमाभागाची मराठी ओळखत नसतील, उद्या ओळखतील. 'आमची बोली यंत्राला कधीच कळणार नाही' या भरवशावर कोणी आपली नोकरी टांगू नये. तो भरवसा पोकळ आहे.

मात्र यंत्र हुशार आहे की नाही हा माझा प्रश्नच नाही. चुकले तर पिंजऱ्यातल्या म्हातारीने कोणाकडे बोट दाखवायचे, हा माझा प्रश्न आहे. माझ्या हातून चूक झाली तेव्हा मी तिथे बसलो होतो, माझे नाव हजेरीत होते, माझ्यावर नोटीस काढता आली असती. बेंच क्लार्क थांबले, कारण कागद बिघडला तर जाब आपल्याला द्यावा लागणार हे त्यांना ठाऊक होते. यंत्राने 'तक्रार'चे 'तकरारू' केले तर वाक्य इतके नीटनेटके उमटेल की कोणाला शंकाही येणार नाही. अडखळलेले, खाडाखोडीचे वाक्य वाचणाऱ्याला सावध करते, सफाईदार वाक्य झोपवते. बंगळुरूच्या एका दिवाणी न्यायाधीशाच्या आदेशात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले आले होते आणि २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाला त्याची दखल घ्यावी लागली. ते दाखले कुठून आले हा भाग वेगळा, पण मधल्या एकाही माणसाने मूळ निवाडा काढून ताडून पाहिला नाही, एवढे तर उघड आहे. ज्या केरळ उच्च न्यायालयाने यंत्र सक्तीचे केले, त्यानेच २०२५ च्या जुलैमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत जे धोरण जाहीर केले, त्यात निर्णय यंत्राने घ्यायचा नाही आणि यंत्राचे भाषांतर जाणकार भाषांतरकाराने किंवा न्यायाधीशाने तपासायचे, असे बजावले आहे. यंत्र आणि रुजवात दोन्ही हवीत, हे ज्यांनी पाऊल पुढे टाकले त्यांना कळले आहे. आपल्याकडे वाद घालणाऱ्यांना ते कधी कळणार?

इथे मराठी वाचकाला एक कडू गोष्टही सांगायला हवी. कागद एका भाषेत आणि माणूस दुसऱ्या भाषेत, हा अन्याय १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले तेव्हा, सुरू झाला असे आपण समजतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धारवाड-बेळगाव भागातल्या कानडी रयतेपुढे मराठी कागद, तोही मोडीत लिहिलेला, येत होता. तो वाचता न आल्यामुळे जमीन गेलेला कानडी शेतकरीही कोणाचा तरी आजा होता. मी हे हिशेब फेडण्यासाठी सांगत नाही. कागदाची भाषा बदलून हा अन्याय संपत नाही, त्याची फक्त बाजू बदलते, एवढेच दाखवायचे आहे. कागद आणि माणूस यांच्यामध्ये दोन्ही भाषा जाणणारा, सहीने बांधलेला कोणी बसवला तरच तो थांबतो. सर्वोच्च न्यायालयातला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून चालू आहे. निकाल काहीही लागला तरी चिकोडी, खानापूर, निपाणीत आणि कारवार, भालकीतही दोन भाषांची माणसे एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहणार आहेत, आणि बांधावरून भांडणारही आहेत.

मोडीचेच पुढे काय झाले पाहा. १९५० च्या सुमारास ती शाळेतून गेली, गावचे दप्तर लिहिणाऱ्या कुलकर्ण्यांची वतनेही त्याच काळात कायद्याने संपली. मोडी लिहिणाराची गरज संपली. ती वाचणाराची मात्र संपली नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत शोधत फिरावे लागले. आमच्या रेकॉर्ड रूममध्येही मोडीतली वाटणीपत्रे, मराठीतले हुकूमनामे लाल फडक्यात बांधलेले आहेत. ठेक्याने आलेला मुलगा ते स्कॅन करील, पण हा कागद कोणत्या दाव्याचा, निशाणी (पुराव्याचा क्रमांक) कितवी, पान उलटे तर गेले नाही ना, हे तो कसे ओळखणार? चुकीच्या क्रमांकाखाली गेलेला कागद जळालेल्या कागदाइतकाच हरवलेला असतो. ज्यांना तो वाचता येतो असे माझ्या माहितीतले लोक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत आणि सगळे सत्तरीपुढचे आहेत.

आता 'खुर्चीला हात लागत नाही' म्हणणाऱ्यांकडे वळतो. बँकांची आठवण काढा. संगणकाला कडाडून विरोध झाला, १९८३ मध्ये संघटना आणि बँका यांच्यात करार झाला, यंत्रे हळूहळू आली. कोणाला हाताला धरून बाहेर काढले नाही हे खरे. पण निवृत्त झालेल्याची जागा रिकामी राहू लागली. मग २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली आणि सरकारी बँकांतून लाखाच्या घरात माणसे बाहेर पडली. शेवटी काउंटरवर उरलेल्या एकाच कारकुनासमोर आजही म्हातारी माणसे पासबुक घेऊन ताटकळतात. नोकऱ्या अशाच जातात, गाजावाजा न होता. कोर्टातही जागा रिकाम्या ठेवून कामे ठेक्यावर देण्याची वाट सरळ आणि सोपी आहे. माझ्या संघटनेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी 'टायपिस्ट-कॉपीइस्ट' हे पद जसेच्या तसे राहावे म्हणून निवेदने दिली, तर ऐकणारा सहज म्हणेल की टाइप करायला यंत्र आहे, कॉपी करायला यंत्र आहे. पदाच्या नावातच त्याचे मरण लिहिलेले आहे.

म्हणून मागणी वेगळी हवी. यंत्राने उतरवलेली प्रत्येक साक्ष मूळ ध्वनिमुद्रणासह जपावी आणि ती साक्षीदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितली, असे नावानिशी लिहून देणारा कर्मचारी प्रत्येक कोर्टात असावा. सीमाभागातल्या तालुक्यांत कन्नड आणि मराठी दोन्ही लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी दुभाषाचे पद मंजूर करावे आणि त्याला भत्ता द्यावा. स्कॅनिंगच्या ठेक्यात जुन्या नोंदी जाणणारा माणूस असल्याशिवाय कागदाला हात लावू देऊ नये. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा आहे पण वाचता येत नाही, त्याच्यासाठी दारातच मदतीला कोणी बसलेले असावे, आणि ते काम शिपायाच्या गळ्यात मारलेले नसावे. यासाठी खर्च येईल. हजारो कोटींचा प्रकल्प उभा राहू शकतो, तर रुजवातीच्या पगाराला पैसे नाहीत हे मी ऐकून घेणार नाही.

आणि आपल्या पोरांना एक सांगायचे आहे. कन्नड शिकणे म्हणजे माघार, असे घरात ऐकत तुम्ही मोठे झाला असाल. मीही झालो. पण त्या दिवशी त्या म्हातारीची मराठी वाचवली ती कन्नड उत्तम येणाऱ्या माणसाने. मला कन्नड नुसती टाइप करता येत होती, म्हणून मी चुकलो. आपली माणसे त्या टेबलामागे नसतील, किंवा असतील पण अर्ध्या भाषेची असतील, तर आपल्या आयाबायांची साक्ष कोण जपणार?

त्या मुलीला मी त्या दिवशी नीट उत्तर दिले नव्हते, 'बघ बाई, जमाना बदलतोय' असे काहीतरी पुटपुटलो. परवा तिला फोन करून सांगितले: टायपिंगची परीक्षा दे, कारण फॉर्म भरायला ती लागते, पण सगळा वेळ तिच्यात घालवू नकोस. साक्ष, पुरावा, हुकूमनामा यांची कन्नड शीक, घरची मराठी लिहायची सवय सोडू नकोस, आणि मोडीची बाराखडी गिरव. दर रविवारी सकाळी घरी ये. माझ्याकडे जुन्या नकलांचा एक गठ्ठा आहे आणि ती ऐंशी पानांची वही आहे. ती म्हणाली, दोन मैत्रिणींना घेऊन येऊ का? पहिल्या पानावर 'तक्रार' आहे, तिथूनच सुरुवात करणार आहे.